टूवूंबाच्या बाँडधारकांची भीड

“मेधा, मला नुसती सही हवी आहे. कादंबरी नको,” पिप म्हणाली.

पिप माझी बॉस. मेलबर्नचा तो दुसरा लॉकडाऊन होता. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, ऑफिसचं तोंड बघून महिने झालेले. पिपच्या घरातल्या सगळ्या खोल्या नवऱ्याने आणि मुलांनी आधीच बळकावल्या होत्या, म्हणून तिने आपलं ऑफिस घरातल्या लाँड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, थाटलं होतं. ती बोलायची तेव्हा मागे वॉशिंग मशीन फिरत असायचं. मशीन स्पिनवर गेलं की तिचा आवाज चढायचा. त्यामुळे ती चिडली आहे की कपडे पिळले जाताहेत, हे मला कधीच नक्की कळायचं नाही.

“सही करते. पण आधी नोटीस वाचते,” मी म्हणाले.

“अजून वाचली नाहीस?”

“दोनदा वाचली. म्हणून तर पुन्हा वाचायची आहे.”

मशीन स्पिनवर गेलं.

माझं काम काय, ते आधी सांगायला हवं. माझ्या सासूबाईंनाही ते नीट समजलेलं नाही. “सून ट्रस्टमध्ये आहे,” असं त्या पुण्यात सगळ्यांना सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी एखाद्या देवस्थानात अभिषेकाच्या पावत्या फाडते.

बाँड म्हणजे आपण कंपनीला दिलेलं कर्ज. कंपनी ठरलेलं व्याज देते आणि मुदत संपली की मुद्दल परत करते. बँक कर्ज देते तेव्हा तिच्याकडे वकील असतात, ऑडिटर असतात आणि नाही म्हणायची सवय असते. साध्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून ऑस्ट्रेलियाचा फेडरल कायदा, म्हणजे सगळ्या राज्यांना एकच असलेला कायदा, सांगतो की सामान्य लोकांकडून असे पैसे उभे करायचे असतील तर त्यांच्या वतीने राखण करणारा एक ट्रस्टी नेमा. कंपनी पैसे फेडू शकेल ना, तारण पुरेसं आहे ना, यावर ट्रस्टीने नजर ठेवायची. कंपनीला अटी बदलायच्या असतील तर बाँडधारकांची सभा बोलवायची, आणि या बदलाने तुमचं काय होईल हे ट्रस्टीने त्यांना समजावून सांगायचं. मी अशाच एका ट्रस्टी कंपनीत काम करते. महामारीत राज्यांनी एकमेकांसाठी सीमा बंद केल्या होत्या. व्हिक्टोरियाच्या माणसाला क्वीन्सलंडमध्ये पाऊल ठेवायची सोय नव्हती. हा कायदा तेवढा परमिटशिवाय इकडून तिकडे फिरत होता.

तर ती नोटीस क्वीन्सलंडमधल्या टूवूंबाची होती. तिथे एका कुटुंबाची लोखंडी सामानाची फॅक्टरी आहे. गुरांचे कठडे, कृषी प्रदर्शनातल्या बसायच्या पायऱ्या, फाटकं, असलं काम. जुनी, सचोटीची कंपनी. तिने गावातल्या आणि आसपासच्या लोकांकडून बाँडवर पैसे घेतले होते आणि तारण म्हणून फॅक्टरीखालची जमीन दिली होती. व्याज कधी एक दिवस उशिरा आलं नव्हतं. मग कोविड आला, झाडून सगळी कृषी प्रदर्शनं रद्द झाली आणि ऑर्डरीच आटल्या.

कंपनीचं म्हणणं नोटिशीत असं होतं: बाँडची मुदत वर्षभर वाढवून द्या. ठीक आहे, अडचणीत कुणीही मागेल. पण त्याच ठरावात, नवव्या कलमात, “सिक्युरिटी अरेंजमेंट्सचं सुसूत्रीकरण” असा एक शब्दप्रयोग बसला होता. या वकिली भाषेचं सोलीव भाषांतर करायला मला पंधरा वर्षं पगार मिळतोय. त्याचा अर्थ होता, जमिनीवरचा तुमचा हक्क सोडा, म्हणजे ती आम्ही बँकेला तारण देऊ आणि नवीन कर्ज काढू.

दोन गोष्टी, एकच ठराव. पहिलीला हो म्हणायचं तर दुसरीलाही हो.

मी कंपनीच्या वकिलाला फोन लावला. लॉकलन नावाचा ब्रिस्बेनचा चुणचुणीत मुलगा.

“हे दोन ठराव करा,” मी म्हणाले.

“दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. बँकेला पूर्ण पॅकेज हवंय.”

“बँकेला काय हवं ते बँक बघेल. माझ्या लोकांना एकाला हो आणि एकाला नाही म्हणायचं असलं तर?”

“नाही म्हणणार नाहीत गं. कंट्री टाउन आहे ते. सगळ्यांचा ग्रॅहमवर जीव आहे.”

“तीच तर माझी काळजी आहे,” मी म्हणाले.

ग्रॅहम म्हणजे कंपनीचा मालक. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच व्हिडिओवर आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, अंगात जाड स्वेटर. टूवूंबा डोंगरावर आहे, हिवाळ्यात चांगलं गारठतं. तो शेडमध्येच बसला होता आणि मागे न विकल्या गेलेल्या कठड्यांची रास होती. मी नववं कलम काढलं तसा त्याने कान खाजवला.

“दर शनिवारी बेकरीत मी या बाँडवाल्यांना भेटतो,” तो म्हणाला. “पहिल्या पानावर ‘तुमचं तारण सोडा’ असं कसं लिहू?”

“मग कुठे लिहिणार होतात?”

“लिहिलंय की. नवव्या कलमात.”

“तिथपर्यंत कोण वाचतं?”

“मला वाटलं, जो वाचेल तो वाचेल,” असं म्हणून तो इतका ओशाळून हसला की मलाही हसू आलं. लबाड माणूस असा हसत नाही. हा नुसता लाजला होता. मला तो आवडला, आणि आमच्या धंद्यात समोरची पार्टी आवडणं बरं नसतं.

त्याने दोन ठराव करायचं कबूल केलं. लॉकलनने एक लांबलचक इमेल पाठवून निषेध नोंदवला आणि मग करून दिलं.

नोटिशीबरोबर जायचं ट्रस्टीचं निवेदन मी लिहिलं. त्यात असं होतं: “आज कंपनी बुडाली तर जमीन विकून आधी तुमचे पैसे दिले जातील. दुसरा ठराव मंजूर झाला तर जमिनीवर पहिला हक्क बँकेचा असेल. तुम्ही रांगेत मागे जाल. काही उरलं तर तुम्हाला मिळेल.”

पिपने ते वाचलं. “लीगलला हे आवडणार नाही,” ती म्हणाली. “प्रत्येक वाक्य समजतंय.”

पण तिने पाठवलं. पिपचं हे मानायला हवं. ती आधी नाही म्हणते, मग कुरकुरते आणि शेवटी माझ्या बाजूने भांडते. फक्त तिन्ही पायऱ्या व्हाव्या लागतात.

निवेदन पोचल्यावर चौकशीचे फोन सुरू झाले. त्यात एक जोनचा होता. जोन सत्तरीची, नवरा गेलेला. टूवूंबापासून बऱ्याच लांब शेतावरच्या घरात एकटी राहायची. गाई विकून आलेले सगळे पैसे तिने या बाँडमध्ये ठेवले होते. तिची नजर अधू होत चालली होती. वर्ष-दोन वर्षांत गाडी चालवणं बंद करावं लागेल असं डॉक्टरने सांगितलं होतं. तिकडे बस म्हणजे नावालाच. गाडी गेली की दूध आणायचीही पंचाईत. म्हणून बाँडचे पैसे आले की गावात, मुलीच्या गल्लीत, एक छोटंसं युनिट, म्हणजे फ्लॅट, घ्यायचं तिने ठरवलं होतं.

“वाचलं मी, लव्ह,” ती म्हणाली. “छान लिहिलंयस. म्हणजे जमीन बँकेकडे गेली आणि ग्रॅहम बुडाला तर माझं युनिटही गेलं. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि नुसती मुदत वाढवली तर?”

“तर वर्षभर थांबावं लागेल. तारण आहे तसं राहील.”

“वर्षभर मी थांबेन. बरं, मी दोन्हीला हो म्हणणार आहे.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “का, ते विचारू का?”

“अगं, ग्रॅहम दर पंधरा दिवसांनी येऊन माझं लॉन कापून देतो. एक डॉलर घेत नाही. त्याच्यासमोर सगळे हात वर करणार आणि मी काय मांडीवर हात ठेवून बसू?”

ट्रस्टीने परिणाम सांगायचा, मत कुठे द्यायचं ते सांगायचं नाही, हा नियम आहे आणि योग्यच आहे. त्यामुळे मी म्हणाले, “निर्णय तुमचा आहे, जोन.” फोन ठेवला आणि समोरची पेन्सिल टेबलावर आपटली. डायनिंग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा नवरा निखिल हेडफोन लावून त्याच्या आयटीच्या मीटिंगमध्ये होता. त्याने म्यूट केलं.

“कुणावर चिडलीस?”

“सज्जनपणावर.”

“मग मी नाही,” म्हणून त्याने परत अनम्यूट केलं.

आपल्याकडे म्हणतात, भीड भिकेची बहीण. मला इतकी वर्षं वाटायचं की भीड हा खास आपला माल. ऑस्ट्रेलियन माणूस कसा, तोंडावर सांगणारा, “नो वरीज, मेट” म्हणून मोकळा होणारा. मी इथे शिकायला आले तेव्हापासून हेच ऐकत आले, आणि मीही लोकांना हेच ऐकवत आले. म्हणून सभेत साधं हात वर करून मतदान घ्यायचं, यावर मी तोवर एका शब्दाने हरकत घेतली नव्हती. जोन एकटीच भिडस्त असेल अशी मी मनाची समजूत घातली.

सभा ऑनलाइन होणार होती. सरकारने त्या काळापुरती तशी मुभा दिली होती. पण बाँडधारक म्हणजे बहुतेक साठी-सत्तरीचे शेतकरी, निवृत्त शिक्षक, नर्सेस. म्हणून मी एका दुपारी रंगीत तालीम ठेवली. काही कामकाज नाही, फक्त बटणं कुठे आहेत ते बघायचं.

त्या तालमीत मी पहिला अर्धा तास छतं, पंखे आणि कपाळं बघितली. एकजण संपूर्ण वेळ उलटा दिसत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. बॅरी नावाचा धिप्पाड शेतकरी नातीच्या आयपॅडवरून आला होता, त्यामुळे त्याच्या दाढीखाली “प्रिन्सेस एला” असं नाव झळकत होतं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण किती महिन्यांनी एकमेकांना बघतोय, आणि एकच गलका झाला. कुणाची गाय व्यायली, कुणाची कमरेची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, कुणाला नातू झालाय आणि अजून कडेवर घेता आलेला नाही. मी त्यांना म्यूट केलं नाही. मेलबर्नच्या वेरिबी उपनगरातल्या माझ्या स्वयंपाकघरात इतकी माणसं बऱ्याच दिवसांनी आली होती.

शेवटी म्हटलं, चला, मतदानाची प्रॅक्टिस करू. खोटा ठराव हवा म्हणून मी विचारलं, “स्कोनवर आधी जॅम लावायचा की आधी क्रीम?” स्कोन म्हणजे चहाबरोबर खायचा छोटा पाव; आपल्याकडे पुरणपोळीवर दूध की तूप, तसला हा इथला वाद.

“ऑफ कोर्स, आधी जॅम,” मिसेस डोहर्टी म्हणाल्या. या तिथल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या स्क्रीनला त्यांनी पाढे शिकवले होते.

“जॅमवाल्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर झाले. उलट्या माणसाचा हात खाली गेला, म्हणजे वर.

“आता हेच बटण दाबून बघू,” मी म्हणाले आणि पोल सुरू केला. पोलमध्ये कुणी काय दाबलं ते इतरांना दिसत नाही, फक्त बेरीज दिसते.

बेरीज आली. निम्म्याहून जास्त क्रीम.

मग बॅरी म्हणाला, “मी नाही हं!” आणि सगळे हसत सुटले. “बॅरी, तूच!” “लिंडा, तुझ्या घरी मी क्रीमच बघितलंय!” मिसेस डोहर्टींनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून की दुःखाने, ते कळलं नाही. मी इतकी हसले की माझी मुलगी तिच्या ऑनलाइन शाळेतून उठून आली.

“आई, व्हॉट इज गोइंग ऑन?”

“स्कोनवर मतदान.”

“दिस इज युअर जॉब?”

“हो,” मी म्हणाले, आणि म्हणताम्हणता माझं हसू थांबलं.

कारण मला आमच्या मंडळाची सभा आठवली. आमच्या मराठी मंडळाची मी दोन वर्षं सेक्रेटरी होते. वार्षिक सभेत सूचक असतो, अनुमोदक असतो आणि मागच्या किचनमधून बटाटेवड्यांचा वास येत असतो. एका वर्षी आमच्या एका ज्येष्ठ काकांनी स्वतः लिहिलेलं संगीत नाटक गणपतीत करायचा ठराव मांडला. पूर्ण अडीच तासांचं. गायक नायक तेच. “सर्वांना मान्य?” असं मी विचारलं. सभागृहात शांतता. मी “सर्वानुमते मंजूर” लिहून टाकलं. पार्किंगमध्ये जो तो मला म्हणाला, “मी खरं तर नाही म्हणणार होतो.” आम्ही ते नाटक शेवटपर्यंत बघितलं. काही जणांनी तर कामंही केली.

म्हणजे जोन एकटी नव्हती. सगळं टूवूंबा आमच्या मंडळासारखं होतं. हात वर करून मतदान घेतलं असतं तर दोन्ही ठराव सर्वानुमते मंजूर झाले असते, आणि मग लोकांनी एकमेकांना बेकरीच्या पार्किंगमध्ये सांगितलं असतं की मी खरं तर नाही म्हणणार होतो. फरक एवढाच की इथे अडीच तासांत सुटका नव्हती. इथे जोनचं युनिट जाणार होतं.

मी लगेच पिपला फोन लावला.

“सभेत पोल हवा,” मी म्हणाले. “गुप्त.”

“बाँडच्या करारात काय लिहिलंय ते वाच. हात वर करून मतदान. कुणी पोल मागितला तरच पोल.”

“मग मी मागते. ट्रस्टीला मागता येतो.”

“कुणाच्या वतीने?”

“जे स्वतः कधीच मागणार नाहीत त्यांच्या.”

पिपने मागचं मशीन बंद केलं, त्यामुळे मला जरा भीतीच वाटली.

“पोल म्हणजे मतं मोजायला बाहेरची कंपनी,” ती म्हणाली. “तिचा खर्च. ग्रॅहमचा वकील माझ्या डोक्यावर बसणार. बँकेला महिनाअखेर उत्तर हवंय. बोर्ड विचारेल, हे आत्ताच का सुचलं. काय सांगू?”

“स्कोनमुळे सुचलं.”

“काय?”

मी सगळं सांगितलं. पिप ऐकत राहिली आणि मग तिला हसू अनावर झालं. “बोर्डाला स्कोन नाही सांगत,” ती म्हणाली. “फील्ड ट्रायल घेतली म्हणून सांगते.” मग थोडी कुरकुर केली आणि मग लॉकलनशी असं भांडली की त्याने मला मेसेज पाठवला, तुझी बॉस नेहमी एवढी ओरडते का? मी लिहिलं, नाही, स्पिन सायकल असेल.

सभेच्या दिवशी ट्रस्टीची प्रतिनिधी म्हणून मीच अध्यक्ष होते. वर ब्लेझर, खाली पायजमा आणि लोकरीचे मोजे. कोरम भरला. मी आधी मतदानाची पद्धत सांगितली. “प्रत्येकाने बटण दाबायचं किंवा मोजणाऱ्या कंपनीला फोन करायचा. कुणी काय मत दिलं ते ग्रॅहमला कळणार नाही. मलाही कळणार नाही. कधीच नाही.”

ते वाक्य पूर्ण झालं आणि स्क्रीनवरचे लोक खुर्चीत सैल होऊन बसले. एकाने चहाचा कप तोंडाला लावला. मला त्या क्षणी इतकं हायसं वाटलं की पुढचं वाक्य विसरले.

मग ग्रॅहम बोलायला लागला. लॉकलनने त्याला भाषण लिहून दिलं होतं. त्याने पहिली ओळ वाचली, अडखळला आणि कागद बाजूला ठेवला.

“हे मला वाचता येत नाहीये,” तो म्हणाला. “साधं सांगतो. बँक मला जमीन मागतेय. ती जमीन तुमच्या पैशांना तारण आहे. तुमच्याकडे ती मागायची मला लाज वाटत होती, म्हणून मी ते नोटिशीत मागे कुठेतरी लिहिलं होतं. मेलबर्नच्या या बाईंनी ते पुढे आणलं.”

“ग्रॅहम, ताठ बस,” मिसेस डोहर्टी म्हणाल्या. तो ताठ बसला.

प्रश्नांची वेळ आली. अशा सभांमध्ये मी प्रश्न विचारा म्हणते, पाच सेकंद थांबते आणि पुढे जाते. इथे स्क्रीनवर हात वर केल्याची चिमुकली पिवळी चित्रं एकामागून एक उगवायला लागली. मताची काळजी गेली तशी जीभही सुटली असावी. चौथा की पाचवा प्रश्न जोनचा होता. ती कॅमेऱ्याच्या इतकी जवळ बसली होती की मला फक्त तिचा जाड भिंगांचा चष्मा दिसत होता.

“ग्रॅहम,” ती म्हणाली, “जमीन मिळाली नाही तर तू बंद पडशील का?”

सगळ्या गावाच्या मनातला प्रश्न तोच होता आणि तो कुठल्याच कागदावर नव्हता. ग्रॅहमने पुन्हा कान खाजवला. लॉकलन अनम्यूट करायच्या बेतात दिसला. अध्यक्ष या नात्याने मी त्याला म्यूटच ठेवलं.

“मला माहीत नाही, जोन,” ग्रॅहम म्हणाला. “मशिनरीवर बँक थोडं कर्ज देईल. ओढाताण होईल. पण बंद? नाही. नाही पडणार बहुतेक.”

“थँक यू, डियर,” जोन म्हणाली.

त्यानंतर सभेचा ताबा माझ्याकडे राहिला नाही. प्रश्न संपले आणि सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला शेळीच्या दुधाचा साबण बनव. लोखंडी फॅक्टरीत. दुसऱ्याने शवपेट्या सुचवल्या आणि बायकोची बोलणी खाल्ली. प्रिन्सेस एला, म्हणजे बॅरी, म्हणाला, “माझ्या मिसेसची पाठ धरली तेव्हा तू पत्र्याचा तो उंच वाफा करून दिला होतास भाज्या लावायला, तो का विकत नाहीस? लोक घरी बसलेत, सगळे टोमॅटो लावताहेत.” ग्रॅहमने तो सल्ला शेळीच्या साबणाखाली लिहून घेतला. सभेच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, हे सगळं “सर्वसाधारण चर्चा झाली” या तीन शब्दांत आहे. मला वाईट वाटतं, पण मिनिट्स अशाच लिहितात.

मग मतदान. अटी बदलायला तीन-चतुर्थांश मतं लागतात, तीही पैशांच्या हिशेबाने, म्हणजे ज्याचे बाँड जास्त त्याच्या मताला वजन जास्त. मोजणाऱ्या कंपनीने निकाल पाठवला आणि मी वाचला. मुदतवाढ जवळजवळ सगळ्यांच्या मतांनी मंजूर. जमीन सोडायचा ठराव सपशेल नामंजूर.

ग्रॅहमने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मला वाटलं आता काय होतंय कोण जाणे.

“रायटो, ठीक आहे,” तो म्हणाला. “एक वर्ष दिलंत. पुष्कळ झालं. थँक्स, यू लॉट.”

सगळे टाळ्या वाजवायला लागले. निकाल वाचण्यासाठी मी सगळ्यांना म्यूट केलं होतं, त्यामुळे आवाज काहीच येत नव्हता, नुसते म्हातारे हात हलत होते. मला रडू आलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ ठराव पास होताना पाहिलेत. पण लोक एखाद्याला नाही म्हणाले आणि त्याच्याचसाठी टाळ्या वाजवत बसले, असं पहिल्यांदाच पाहिलं. सभा बंद करायचं बटण मी बराच वेळ दाबलं नाही.

बँकेने मशिनरीवर, आधी म्हणत होती त्यापेक्षा कमी, पण दिलं कर्ज. पत्र्याचे वाफे धडाधड खपले. अख्खा ऑस्ट्रेलिया घरात बसून टोमॅटो लावत होता हे बॅरीचं निरीक्षण खरं निघालं. माझ्या शेजारच्या घरातही दोन वाफे आले. पिपने एक मागवला आणि लाँड्रीच्या दाराशी ठेवला. बाँडचं मुद्दल कंपनीने वाढीव मुदत संपायच्या थोडं आधीच फेडलं. जमीन तोवर जागची हलली नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी जोनचा फोन आला. ट्रस्टीचं काम संपलं होतं, तिने नुसताच केला होता.

“मी गावात आले राहायला,” ती म्हणाली. “मुलीच्या दारात काठीशिवाय पोचते. सामान हलवायला ग्रॅहम त्याचा ट्रक घेऊन आला होता. तुला सांगते काय म्हणाला? म्हणाला, ‘जोन, बरं झालं तुम्ही लोकांनी तो दुसरा ठराव पाडलात. जमीन बँकेकडे गेली असती तर मला झोप लागली नसती. कुणी कुणी पाडला ते कळलं असतं तर एकेकाचे आभार मानले असते.’”

“मग? तुम्ही सांगितलंत?”

“अगं, भलतंच काय! तो माझा पियानो उचलत होता.”

कायदा बाँडधारकाला नाही म्हणायचा हक्क देतो. तो वापरून झाल्यावर शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये बसून जाता यावं, एवढी सोय ट्रस्टीने करायची असते. बाकी नोटीस काय, कुणीही लिहितं.